पाहुण्या खंडावरचा शिक्का

३ मार्च, सोमवार

वरून बोलावणं आलं! तळघरात धाडल्यापासून पहिल्यांदाच.

शिपाईदादा जिन्यातूनच ओरडला — "चला, फोटोसाहेबांना तुमची आठवण झालीय. केस विंचरून या, नाहीतर फोटोत वाईट दिसाल." फोटोसाहेब हे नाव त्यानंच पाडलेलं. आमच्या सरकारी ग्रंथालयाच्या या प्रमुखांना समोर कॅमेरा असल्याशिवाय पुस्तक हातात धरता येत नाही.

साहेबांनी बसा म्हटलं नाही. उभ्यानंच ऐकलं. नदीच्या मोजणीचं काम पुन्हा उघडतंय. जुन्या काळी सहा देशांनी मिळून एका नदीची उगमापासून मुखापर्यंत मोजणी केली आणि तिचे खंड सहा सरकारी ग्रंथालयांत विखुरले. एकाकडे एक, दुसऱ्याकडे दुसरा. पूर्ण संच कुणाकडेच नाही. ते सगळे इथे एका जागी आणायचे, पानापानाची छायाचित्रं काढून सहाही देशांना द्यायची, प्रदर्शन भरवायचं, मग ज्याचा खंड त्याला परत.

"पलीकडच्या देशातल्या बाई त्यांचा खंड स्वतः घेऊन येताहेत," साहेब म्हणाले. "पूर्वीचे विनिमय-अधिकारी, म्हणजे तुम्ही, हजर असावेत, असं त्यांनी मुद्दाम लिहिलंय. का, ते देव जाणे! तुमचा पराक्रम विसरल्या वाटतं."

माझा पराक्रम!

खाली आलो तर शिपाईदादा वाट बघत उभा. "काय म्हणाला?"

"फोटोत इतका काही वाईट दिसत नाही म्हणाला."

४ मार्च, मंगळवार

तो पराक्रम लिहूनच टाकतो. मनात दळून दळून त्याचं पीठ झालंय.

दोन वर्षांपूर्वी याच बाईंच्या ग्रंथालयातून नकाशांचा एक खंड आमच्याकडे उसना आला होता. साहेबांनी तो कुणा मंत्र्याला दाखवायला घरी नेला. मी म्हटलं, "साहेब, पाहुणा खंड इमारतीबाहेर नेत नाहीत." ते हसले — "अहो, मी काय तो खाणार आहे?" परत आला तो चहा पिऊन. नकाशांवर डाग, आणि एका पानावर तर कप टेकवल्याचं गोल कडं. उगमाच्या डोंगराभोवती अगदी आखल्यासारखं.

चौकशीत साहेब म्हणाले, खंड यांच्या ताब्यात होता. कागदावर होताच. मी सगळं सांगितलं. ऐकणारे मान हलवत होते, पण साहेबांकडे बघून. बाकीच्या देशांनी आम्हाला उसनं देणं बंद केलं. सगळीकडे एकच वाक्य गेलं — निष्काळजी कर्मचाऱ्यास हटवण्यात आले आहे. ज्या परदेशी ग्रंथपालांशी माझं वर्षानुवर्षं लिहिणं-विचारणं चाले, त्यांना त्या वाक्यातला कर्मचारी कोण हे कळलंच असणार. त्यानंतर एकाचाही शब्द नाही.

घरात चहा बंद केला मी. वास आला की ते कडं दिसतं. ही म्हणते, "सांडला साहेबानं, आणि उपास चहापत्तीला!"

६ मार्च, गुरुवार

सकाळी देवापुढे बसलो. जप काही होईना. ओठांवर नाव देवाचं, डोळ्यांपुढे तोंड साहेबांचं. त्या तोंडाचं मी मनातल्या मनात काय काय केलं, ते देवानं पाहिलंच आहे. लाज वाटली नाही.

गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, शत्रूचंही भलं चिंतावं. एका खोलीची शाळा ती. आम्हाला शत्रू तरी कोण होता? एक मारका बैल. तोसुद्धा आधी शिंगं हलवून सांगायचा.

साहेब हसतात आणि मग मारतात.

९ मार्च, रविवार

आज देवळातून येताना सुचलं. देवळातून येतानाच, हेही लिहून ठेवतो.

आमच्याकडे नवं काही दाखल झालं की पहिला शिक्का साहेब मारतात. हा त्यांनीच पाडलेला पायंडा. टेबलावर चादर, चादरीवर पुस्तक, शेजारी शाईची पेटी आणि ग्रंथालयाचा गोल शिक्का. साहेब बाह्या सारखी करतात, फोटोवाला "हं साहेब" म्हणतो, शिक्का उमटतो. एक मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर. दुसरा ठरलेल्या गुप्त पानावर. प्रत्येक ग्रंथालयाचं असं एक पान ठरलेलं असतं. चोरानं पहिलं पान फाडलं तरी आत कुठेतरी आपली खूण राहावी म्हणून. आमचं पान कोणतं, ते या वहीतही लिहिणार नाही. नोकरीची शपथ आहे.

आता, शिक्का म्हणजे मालकी. उसन्या खंडावर शिक्का मारणं म्हणजे शेजाऱ्याकडून मूल खेळायला आणावं आणि त्याच्या कपाळावर आपलं आडनाव गोंदवावं! सहा देशांच्या करारातला पहिला नियमच हा — पाहुण्या खंडावर कसलीही खूण करायची नाही.

साहेबांनी करार वाचलेला नाही. सही केलीय.

मला काहीच करायचं नाही. समारंभाची मांडामांड माझ्याकडेच दिलीय, फक्त नेहमीसारखं सगळं मांडायचं. शिक्का ठेवू नये हे ज्याला ठाऊक, त्यानं तो ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. भर सभेत, सहा देशांच्या लोकांदेखत, कॅमेऱ्यासमोर साहेब आपल्या हातानं आपलं तोंड काळं करतील. या वेळी "यांच्या ताब्यात होता" म्हणायची सोय नाही. फोटो असेल ना!

बाईंना धक्का बसेल. पण त्या तर फिर्यादी. फिर्यादीला कोण शिक्षा करतो?

११ मार्च, मंगळवार

ही म्हणाली, "अलीकडे खुशीत दिसता. बढती आहे की बाई आहे?"

म्हटलं, "बाईच येतेय. परदेशातून."

ओलं फडकं फेकून मारलं. किती दिवसांनी हसलो आम्ही!

१३ मार्च, गुरुवार

बाई आल्या. लहानशा चणीच्या, जाड भिंगांचा चष्मा, पायात चालून चालून वाकडे झालेले बूट. खंडाची लाकडी पेटी मांडीवर घेऊन सगळा प्रवास केला म्हणे. जेवणाचं ताटही त्यावर ठेवू दिलं नाही.

त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही. एका तिसऱ्याच भाषेत दोघंही लंगडतो. म्हणून एकमेकांचं नीट ऐकतो.

मला बघून म्हणाल्या, "तुम्ही इतके बारीक? पत्रांवरून मला वाटायचं, चांगला जाडजूड माणूस असेल."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तो चहा तुम्ही सांडला नाहीत. मला तेव्हाच माहीत होतं. पार्सलाची सुतळी कापू नका, गाठ सोडवा, पुठ्ठ्याला वळ पडतो — असं जो लिहून कळवतो, तो माणूस पुस्तकाजवळ कप नेईल?"

मी जाऊन तोंड धुऊन आलो.

दोन वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. हिनंसुद्धा नाही. ती धरूनच चालली होती. धरून चालणं वेगळं, म्हणणं वेगळं. वाटलं होतं, असं कुणी म्हटलं की आतली आग विझेल. उलट भडकली. म्हणजे मी बरोबर होतो! म्हणजे साहेबांना सोडायचं कारणच उरलं नाही!

निघताना बाई म्हणाल्या, "उद्या तुमच्या साहेबांना नियम तुम्ही समजावाल ना? मी बोलते तेव्हा ते नुसते हसतात. बाकी राहू दे, एवढंच सांगा — कसलीही खूण नको. हे तुमच्यावर सोपवते."

मी "हो" म्हटलं.

तेही लगेच.

१४ मार्च, शुक्रवार

झालं!!

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर झोपेत पुसलं जाईल. टेबल मी मांडलं. चादर, खंड, शाईची पेटी, शिक्का. शाई ताजी भरली. सहाही देशांची माणसं समोर खुर्च्यांवर. बाईंना मंत्र्यांनी बाजूला बोलण्यात गुंतवलेलं. साहेबांनी बाह्या सारख्या केल्या. "हं साहेब." पहिला शिक्का ठण्णकन उमटला. जांभळा, गोल, एकही अक्षर न पुसलेला. आयुष्यात इतका स्वच्छ शिक्का त्यांनी मारला नव्हता!

मग माझ्याकडे वळून हळूच, "आणि ते आपलं पान?"

मी उघडून दिलं.

दुसराही बसला. तेवढ्यात बाईंनी पाहिलं. ओरडल्या नाहीत. धावत आल्या आणि पानावर तळहात ठेवला, रक्त थांबवायला ठेवतात तसा. शाई ओली होती. हात उचलला तेव्हा आमच्या ग्रंथालयाचं नाव त्यांच्या तळव्यावर उलटं उमटलेलं.

टाळ्या चालूच होत्या. मागच्यांना कळलंच नव्हतं. मग पुढच्या रांगेतून टाळ्या बंद होत होत मागे गेल्या. साहेब अजून फोटोवाल्याकडे बघून हसत होते.

ते हसू मी पाठ करून ठेवलंय.

१५ मार्च, शनिवार

बाईंच्या देशातल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर — आमचा खंड बळकावला! शेजारी साहेबांचा फोटो, हातात शिक्का. वकिलातीचे फोन. मंत्री म्हणे साहेबांचं नावही ऐकून घेत नाहीत.

शिपाईदादा सांगत होता, "आज फोटोसाहेबांनी फोटोवाल्याला हाकललं! म्हटलं आता यांना खोलीत बसून आरशातच बघावं लागणार."

इतका हसलो की ठसका लागला.

१७ मार्च, सोमवार

साहेब स्वतः तळघरात उतरले. जिना त्यांना ठाऊक नव्हता, डोकं आपटलं. बसायला खुर्ची शोधत होते. मी दाखवली नाही.

"तुम्ही तरी सांगायचं होतंत, अहो. तुम्हाला ठाऊक असणार."

म्हटलं, "मी तळघरात असतो, साहेब. वरचं मला काय कळतं?"

दोन वर्षं हे वाक्य मुरत घातलं होतं. चांगलं मुरलं.

१८ मार्च, मंगळवार

आज जप सुरळीत झाला. एकदाही साहेब आले नाहीत.

याची जरा भीतीच वाटली.

२० मार्च, गुरुवार

सहाही ग्रंथालयांच्या वतीनं एक चौकशी-अधिकारी आलेत. तिसऱ्याच देशाचे, म्हातारे, ऐकायला कमी. दुभाषा म्हणून मी बसलो. साहेब म्हणाले, "मला कुणीच सांगितलं नाही." हे खरंच होतं. आयुष्यात एकदा माणूस खरं बोलला, आणि ते मला माझ्याच तोंडानं भाषांतर करून सांगावं लागलं.

मग म्हाताऱ्यानं जे सांगितलं, ते तसंच लिहितो.

त्या चहानंतर आम्हाला कुणीच काही उसनं द्यायला तयार नव्हतं. मग आम्ही पुन्हा यात आलो कसे? बाईंनी हमी घेतली म्हणून. स्वतःच्या नावानं. आमच्या ग्रंथालयाकडून चुकून, अज्ञानानं, निष्काळजीपणानं काहीही झालं तर जबाबदार त्या. नियम यजमानांना समजावून सांगायचं कामही त्यांचंच. बाकी देश नको म्हणत होते, तरी त्या म्हणाल्या होत्या, तिथला एक माणूस मला माहीत आहे.

हमी मोडली तर पद सोडायचं, असं त्यांनीच लिहून दिलंय. त्यांच्या देशातले वरचे लोक तर वाटच बघताहेत.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुठे विचारलं?

२१ मार्च, शुक्रवार

आज म्हाताऱ्यानं बाईंना विचारलं — यजमानांना नियम सांगितले होते का? कुणाला सांगितले?

मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत. आता माझं नाव येणार म्हणून हात मांडीखाली दाबून बसलो.

"सांगायचं राहून गेलं," बाई म्हणाल्या. "मी विसरले."

माझ्याकडे पाहिलंही नाही.

बाहेर व्हरांड्यात गाठलं त्यांना. म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं होतं." तर म्हणतात कशा, "गडबडीत विसरलात तुम्ही. होतं असं. तुमचं नाव एकदा खराब झालंय, पुन्हा नको. माझी नोकरी तशीही थोडीच राहिलीय." आणि माझ्या बाहीला लागलेलं जळमट काढून टाकलं. थोरल्या बहिणीनं काढावं तसं.

विसरलो! त्यांना वाटतं, मी विसरलो!

२२ मार्च, शनिवार

म्हाताऱ्या अधिकाऱ्याला सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, इथला कुणी कर्मचारी सांगायचं विसरला असेल तर? कानाला हात लावून ऐकलं त्यांनी. म्हणाले, "विसरणं हमीत येतं. बाईच जबाबदार." मग जरा थांबून म्हणाले, "कुणी जाणूनबुजून केलं असेल तर मात्र ते हमीबाहेर. तो त्या माणसाचा गुन्हा. मग बाईही सुटल्या आणि तुमचे साहेबही सुटले. त्यांना तर फसवलंच म्हणायचं."

साहेबही सुटले!

देवा, दुसरी वाट ठेवलीच नाहीस? एकच दार, आणि त्यातून तोही बाहेर पडणार?

२३ मार्च, रविवार

दिवसभर हिशेब जुळवत बसलो. बाई काय, दोन वर्षांत निवृत्तच होणार. साहेब मात्र आज सुटले तर पुढे कुणाकुणाला तळघरात धाडतील. म्हणजे गप्प राहणं हे लोकांच्याच भल्याचं. असं सगळं छान बसवलं. मग हिला सांगितलं.

तिनं भाजी चिरणं थांबवलं नाही. "म्हणजे बोललात तर साहेब सुटणार."

"हो."

"आणि नाही बोललात तर त्या बाई जाणार."

"हो."

"तुमच्या रागापायी दोन वर्षं मी शेजारणीकडे जाऊन चहा पितेय, चोरासारखी. तक्रार केली नाही. आता त्याच रागाच्या पोटात परक्या बाईची नोकरीही घालायची?"

"पण तो माणूस, अगं —"

"त्या माणसाचं नाव काढू नका माझ्या घरात. दोन वर्षं तोच राहतोय इथे. आपण दोघं भाडेकरू."

मी उठून देवापुढे जाऊन बसलो. मागितलं काहीच नाही. नुसता रागावून बसलो.

२४ मार्च, सोमवार

जबाब दिला.

बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी साहेबांना मुद्दाम सांगितलं नाही. शिक्का मी ठेवला. गुप्त पान मी उघडून दिलं. साहेबांची नाचक्की व्हावी म्हणून केलं. म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून सगळं पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. बाई समोरच होत्या. त्या भाषेत "मुद्दाम" या शब्दाला मी लंगडलो नाही.

साहेबांना कळायला जरा वेळ लागला. मग चेहऱ्यावर रंग परत आला, नळाला पाणी यावं तसा. खोलीबाहेर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला! "काय केलंत हो हे... पण शेवटी खरं बोललात. मोठं मन लागतं." डोळ्यांत पाणी होतं मेल्याच्या. खरं पाणी! मी जन्मभर ज्याचं वाईट चिंतीन असा माणूस माझे आभार मानत होता, आणि मला हात सोडवून घेता येत नव्हता.

साबण लावून धुतला. तो हात अजून माझा वाटत नाही.

माफ केलेलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. साहेबांना मी माफ केलेलं नाही.

नोकरीचं काय ते पुढे कळेल. हिला सांगितलं. ती आत गेली आणि चहा टाकला. दोघांचा. मी प्यायलो.

२६ मार्च, बुधवार

बाई आज गेल्या. पद राहिलं त्यांचं.

दारात थांबून विचारलं, "मग तो चहा?"

म्हटलं, "तो मी नाही. खरंच नाही."

बाई "बरं" म्हणाल्या. पेटी गाडीत ठेवून देऊ म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी ती उचलून दुसऱ्या कुशीत घेतली.